आता तू बोल

दाराला कडी न्हवती, नुसतं लोटलेलं हुतं, तरी मला ते उघडंना. एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं नुसतं ढकलतेय... आत मावशी पाटावर बसलेली, भिंतीला टेकून, डोळं मिटून, मांडीवर बाजरी पाखडायचं सूप तसंच. हाक मारली, हलवलं. हात गार. तशीच अनवानी पळाले, रिक्षा आनली, दवाखान्यात नेलं, पन डॉक्टरीनबाई म्हनाल्या, जाऊन तासभर तरी झाला असंल.

तासभर. आन त्यो तासभर मी पत्र्याच्या अलीकडं बसून हुते.

एस्तेरमावशी माझी शेजारीन. पाथर्डीत आमच्या दोघींच्या खोल्यांमधी नुसता एक पत्रा. माझं मालक ऊसतोडीला गेल्ते, बाळ लहान म्हनून मी मागं राहिले, एकटी, जरा काय वाजलं की दचकायची. पयल्याच सकाळी पलीकडनं बोलनं ऐकू आलं, गुडघ्याचं, कांद्याचं, कुनाच्या तरी लग्नाचं. मला वाटलं पाव्हना आलाय. नंतर इचारलं, "मावशी, कोन आलं हुतं?"

"बाप माझा."

"तुमच्या वयाला बाप?"

तशी हसली. "येशूनं शिकवलंय ना, देवाला बाप म्हनायचं. रोज येतो. तुझ्यासारखा चहा मागत न्हाई, एवढंच."

नवरा वारलेला, एकुलती पोरगी गेलेली, तरी ही बाई हसायची कशी, मला कळंना. एकदा इचारलंच. म्हनाली, "आगं, रडते की. त्याच्यापाशीच रडते. पन रडताना बी एकटी नसते मी... त्योच आनंद हाय, दुसरा कुठला?"

सगळं सांगून झालं की म्हनायची, "आता तू बोल." मग गप्प बसायची, ऐकत. एकदा त्या येळेला मी मीठ मागायला घुसले, तर बोट वर करून मला थांबवलं, आन मागनं म्हनाली, "मधीच तोडलंस बघ. आता उद्या पुन्यांदा इचारावं लागंल." तवापासनं मी त्या येळेला भांडं बी वाजवत न्हवते.

एका सकाळी पलीकडनं माझीच गोष्ट निघाली. "त्या पोरीला भ्या लई वाटतं, तिच्यापाशी बी जरा बसत जा." मी पत्र्याला कान लावून रडले.

त्या दिवशी बी बोलली. "आता तू बोल" म्हनाली. मग गप्प. लई येळ गप्प. सूप बी वाजंना. एकदा वाटलं उठावं. पन म्हनलं, आज बापाचं बोलनं लांबलंय, तोडू नये.

चर्चची मानसं आली, गानी म्हनत तिला घेऊन गेली. पाळक म्हनाले, "बाई, ती एकटी न्हवती." मालक फोनवर म्हनले, "येडे, उठायचं हुतंस."

दीड महिना झाला. पलीकडची खोली रिकामीच हाय. सकाळी मी बाळाला मांडीवर घेऊन त्याच पत्र्यापाशी बसते. सगळं सांगते, भ्या वाटतं ते बी. मग म्हनते, आता तू बोल... आन गप्प बसते. भ्या कमी झालंय, खरं सांगते, लई कमी झालंय. पन त्यो तासभर काय जात न्हाई. तुमी असता तर उठला असता का? का बसू दिलं असतं दोघांना?