येसुराचा करार

मला कुणी साधी गोष्ट सांगितली की ती अवघड केल्याशिवाय चैन पडत नाही. हा स्वभाव आईकडून आलेला नाही, माझा स्वतःचाच आहे. त्यापायी बेंबळीतला आमचा येसुराचा धंदा बसला, हे आता मी कुणी न विचारताही सांगते.

येसूर म्हणजे भाजलेलं धान्य आणि खडा मसाला एकत्र दळून केलेली पूड. आमच्याकडं लग्नाची आमटी त्याशिवाय होत नाही. आई आणि मावशी दोघी मिळून भाजायच्या. मावशी नात्यातली नव्हे, आईची मैत्रीण. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हाताला माप पक्कं. मी आपली पाकिटं भरायची, तुळजापूरच्या दुकानांत पोचवायची आणि स्वतःला मालकीण समजायची. आई गेल्यावर भट्टी मावशीनं एकटीनं सांभाळली. निवडायला, दळायला गावातल्या चौघी होत्या.

धाराशिवला बचत गटांच्या प्रशिक्षणात एका सरांनी सांगितलं, कामावरच्या बायकांकडून गुप्ततेचा साधा करार लिहून घ्या. दोन ओळी पुरेत. इथलं काम बाहेर सांगणार नाही, आणि खाली सही. मला दोन ओळी कशा पुरतील? काय सांगायचं नाही, ते करारात नको का? मी इतकी वर्षं भाजताना पाहिलं होतं. आठवून आठवून सगळ्या जिनसा मापासकट लिहून काढल्या, अगदी जवससुद्धा. येसुरात जवस आमच्याशिवाय कुणी घालत नव्हतं, पाकिटावरही मी नुसतं ‘धान्य व मसाले’ छापायची. तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्यानं ती यादी मोठ्यानं वाचत टाइप केली. मागं रांगेत माणसं उभी होती. मग झेरॉक्स काढल्या, दोन पुसट आल्या, त्या त्यानं बाजूला टाकल्या. मी फाईल छातीशी धरून ऐटीत बाहेर पडले.

चौघींनी मुकाट सह्या केल्या. मावशी शाईच्या पॅडकडं बघत राहिली.

“भवानीआईची आण घेते की पोरी. अंगठा कशाला?”

“धंद्यात आण चालत नाही मावशी.”

“माज्या लेकीलाबी सांगायचं न्हाय?”

“कुणालाही म्हणजे कुणालाही.”

तिनं अंगठा उठवला, पदराला पुसला आणि भट्टीकडं गेली. पदरावरचा तो निळा डाग नंतर बरेच दिवस दिसायचा. मला त्याचं काही वाटलं नाही.

काही महिन्यांनी तुळजापूरच्या एका दुकानात वेगळ्याच नावाचा येसूर दिसला. पाकिटामागं जिनसा छापल्या होत्या आणि त्यात जवस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाकीट विकत घेतलं, पण फोडून चाखायचं सुचलं नाही. मिळेल त्या गाडीनं घरी आले आणि चौघींच्या देखत मावशीला विचारलं, “किती घेतले सांगायचे?”

तिनं उलथनं खाली ठेवलं. हात धुतले. ती तामलवाडीला लेकीकडं निघून गेली, आणि मी तिला थांबवलं नाही.

मग करारातली यादी समोर ठेवून मी स्वतः भाजायला बसले. माप चुकवलं नाही, जाळ चुकवला नाही. तरी दुकानदार पाकिटं परत पाठवू लागले. एका लग्नघरची बाई तोंडावर म्हणाली, “औंदा तुमच्या येसराला चव न्हाय.” तेव्हा पिशवीच्या तळाशी राहिलेलं ते तुळजापूरचं पाकीट मी फोडलं आणि दोन पातेल्यांत दोन आमट्या केल्या, एक त्यांच्या येसुराची, एक माझ्या. दोन्ही अगदी सारख्या. घास गिळल्यावर जी चव मागं राहायची, ती दोन्हीत नव्हती. माझ्या यादीत नसलेलं काहीतरी मावशी घालत होती. तिनं सांगितलं असतं तर त्यांचा येसूर बरोबर झाला असता. त्यांना मिळाला होता तो माझा कागद. त्या दिवशी मला माझी इतकी शरम वाटली की चौघींना घरी पाठवून मी दार लावून घेतलं.

तामलवाडीला गेले. पाया पडले, चुकले म्हणाले. मावशीनं पाणी दिलं, जेवायला वाढलं. आमटीचा पहिला घास घेतला आणि मला रडू फुटलं. तीच चव होती.

“मावशी, काय घालता? मला तरी सांगा.”

“अंगठा दिलाय न्हवं मालकीणबाई.” जन्मभर मला पोरी म्हणणारी ती. “तुमीच म्हणला हुता, कुणालाबी म्हंजे कुणालाबी.”

“अहो, पण करार माझाच आहे. मी फाडून टाकते.”

“कागुद तुमचा हाय. अंगठा माजा हाय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आणखी चार वेळा आले असते. मी लेकीकडं पाहिलं, हिला तरी माहीत असेल म्हणून. तिनं मान हलवली.

“मलाबी सांगत न्हाय ओ. भाजताना मला भाईर बसवती.”

मावशीनं माझ्या ताटात आणखी आमटी वाढली.