सगळ्या तळ्यांच्या खाली

चहा घ्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला वेड्यात काढणार आहात. काढा. सर्व्हेअर माणसानं उंचीतच माती खाल्ली, आता यापुढे काय सांगू तुम्हाला?

तर झालं असं. कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आला आणि माझी बायको मेधा आमच्या सईला घेऊन सस्कॅचेवानला गेली. मी नोकरीपायी इथेच राहिलो, दोह्यातल्या अल गराफ्यात, तिघांच्या घरात एकटा. मी ऑफिसातून येतो तेव्हा चार वाजलेले असतात आणि तिकडे सकाळचे सात. सई दप्तर भरता भरता फोनवर येते. "हाय बाबा, ऑल गुड, बाय." झालं आमचं बोलणं.

एक दिवस मात्र ती थांबली. "बाबा, आय हॅव अ प्रोजेक्ट. प्रेअरीमधले लेक्स अँड रिझर्व्हॉयर्स, बाय एलिव्हेशन. यू डू लेव्हल्स, राइट?"

म्हणजे तिथली तळी आणि धरणांचे जलाशय घ्यायचे आणि कुठलं पाणी समुद्रसपाटीपासून किती उंच, याचा तक्ता करायचा. मला आकाश ठेंगणं झालं. पोरीला बाबा लागला होता.

तिनं पाठवलेले आकडे पाहिले आणि मला हसूच आलं. पाचशे, साडेपाचशे मीटर? अहो, तो मुलूख मी फोनवर पाहिलाय. नजर पोचेल तिथवर सपाट गवत, टेकडी औषधालाही नाही. आणि पंधरा वर्षं मी कतारमध्ये रस्त्यांच्या लेव्हल्स काढतोय. इथे सपाट म्हणजे समुद्राच्या जवळपास बरोबरीला. म्हटलं, कुणीतरी फुटांच्या जागी मीटर छापलंय. मग काय, सगळे आकडे फूट समजून मीटरमध्ये आणले आणि छान रंगीत तक्ता करून पाठवला.

"बाबा, आर यू शुअर? द बुक सेज मीटर्स."

"पुस्तकवाल्यांनी साइटवर कधी लेव्हल धरलीय का? दे बिनधास्त. खलास."

तिनं दिला. वर बाईंशी वाद घातला, भर वर्गात, की माझे बाबा सर्व्हेअर आहेत, ते चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोनवर सई नव्हती, मेधा होती.

"अहो, आपलं नाशिक किती उंचीवर आहे?"

"सहाशे मीटरच्या आसपास. का गं?"

"आणि तुमच्या घरामागचं मैदान, जिथे तुम्ही सायकल शिकलात? ते सपाट होतं की डोंगर होता?"

मैदान सपाटच होतं, सहाशे मीटरवर. पंधरा वर्षांत मी स्वतःचं गाव विसरलो होतो. आणि लेक दीड वर्ष किती उंचीवर राहतेय, हे एकदाही बघितलं नव्हतं. ती वर्गात एकटी उभी राहिली असेल, ते डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू आलं. कशाला लपवू?

आठवड्यानं सईनं नव्या तक्त्याचा फोटो पाठवला. या वेळी तिचा तिनंच केलेला. सगळी तळी बरोबर. आणि शेवटी, सगळ्या पाण्यांच्या खाली, एक जास्तीची ओळ: "माय बाबा, दोहा, दहा मीटर."

पोरीनं मला तक्त्यात घेतलं होतं. दुसरा कुणी बाप असता तर त्यानं काहीतरी मायेचं लिहिलं असतं. मी काय लिहिलं?

"दहा ही शहराची लेव्हल. आपल्या गराफ्याची वीसच्या वर आहे. दुरुस्त कर."

तिनं अंगठा पाठवला. त्यानंतर तिच्या शाळेचा एकही प्रोजेक्ट माझ्याकडे आलेला नाही.