आठ दिवस कुंकू लावायचं नाही

किस्से गोळा करावे लागत नाहीत. दारावर बसलं की ते चपलांसारखे आपोआप जमतात. संध्याकाळी चपला ज्याच्या त्याच्या पायात निघून जातात, किस्से तिथंच पडून राहतात. मी कॉलेज रोडच्या एका कातडीच्या दवाखान्यात दारावर बसतो. पाटीवर स्किन क्लिनिक असं लिहिलंय, पण कातडीला कातडीच म्हणायचं. आधी भाजी मार्केटात हमाली केली, गुडघे गेले, मग हे स्टूल मिळालं. शिक्षण चौथी. तेही मास्तर कंटाळले म्हणून.

आमच्याकडं सगळ्यात जास्त चालतं ते पील. पील म्हणजे साल काढणं, दुसरं काही नाही. तोंडाला ब्रशनं ॲसिड लावतात. घाबरू नका, बेतानं लावतात. चुरचुरतं, म्हणून पेशंटच्या हातात बारका पंखा देतात. मग धुऊन काढतात. तीन-चार दिवसांनी वरची काळवंडलेली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते आणि खालची नवी दिसायला लागते. ही नवी कातडी फार नाजूक, म्हणून जाताना पथ्य सांगावं लागतं. ते काम माझ्याकडं आहे. काउंटरवरच्या पल्लवीचं कोणी ऐकत नाही, तिच्याशी बोलताना लोक मोबाइलमध्ये बघतात. माझ्यासमोर बघत नाहीत. मी मोबाइल खाली घ्यायला लावतो.

"उन्हात जायचं नाही. खाजवायचं नाही. सुटलेली साल ओढायची नाही. आठ दिवस पावडर, टिकली, कुंकू लावायचं नाही. आठ दिवसांनी लावा."

एवढंच. शाळेत पाढे आले नाहीत, हे मात्र पाठ झालं.

*

आमच्या डॉक्टर मॅडम हुशार, पण मुंबईत वाढलेल्या, इंग्रजीत शिकलेल्या. नवीन होत्या तेव्हा मखमलाबादची एक भाजीवाली म्हातारी आली. म्हणाली, तोंडावर वांग लय झालंय बाई, काहीतरी करा.

गालावर, नाकावर काळपट डाग पडतात त्याला वांग म्हणतात. मॅडमना ते माहीत नव्हतं. त्यांनी म्हातारीला शांतपणे समजावलं की वांगी खाल्ल्यानं चेहऱ्याला काही होत नाही, खुशाल खा.

पल्लवी तोंडावर हात धरून आत पळाली. म्हातारी हसली नाही.

"खाऊन नाय झालं. जन्मभर उन्हात वांगी खुडली, त्यानं झालं. म्हणजे तुमचं बरोबरच हाय!"

*

कमलबाई पहिल्यांदा आल्या त्या गणपतीच्या दिवसांत. गाव दिंडोरीकडचं. पंचेचाळिशीच्या असतील. बरोबर दीर. सगळं बोलणं दिराचं, ह्या डोक्यावरचा पदर धरून गप्प.

दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला. आता मुलीचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. अडचण काय, तर कमलबाईंच्या कपाळावर मधोमध हिरवं गोंदण. लहानपणी जत्रेत आईनं गोंदवून घेतलेलं, कुंकवाच्या जागी, टिकलीएवढं. मुलाकडची माणसं घर बघायला आली तेव्हा त्यातल्या एकीनं विचारलं, ह्या सवाष्ण आहेत की विधवा? झालं. दिराला ते लागलं. मांडवात कपाळ कोरं पाहिजे, नाहीतर मुलीच्या आईनं मांडवात यायचंच नाही, असं घरात ठरलं. कमलबाईंना कोणी विचारलं नाही.

दीर माझ्याशीच बोलत होता, त्या बाजूला बसलेल्या असताना. म्हणाला, "भाऊ गेला त्या दिवशी बायकांनी लय घासलं हो. पार रक्त आलं. पण गेलं नाय ते."

मॅडमनी तपासून सांगितलं, पीलनं गोंदण जात नाही. पील वरची कातडी काढतं, गोंदणाची शाई खाली मुरलेली असते. त्याला लेझर लागेल. पण कातडी अशी उन्हानं रापलेली असताना लेझर मारला तर डाग पडायची भीती. चेहऱ्यावर वांगही आहे. तेव्हा आधी मलम, सनस्क्रीन आणि थोडे पील, रापलेपणा गेला की मग लेझर. दिरानं एवढंच ऐकलं की शेवटी निघेल. म्हणाला, करा सुरू.

काही दिवसांनी त्यांचं पहिलं पील झालं. बाहेर आल्या, तोंड लालसर. मी सवयीनं सुरू केलं. ऊन नाही, खाजवणं नाही, साल ओढायची नाही, आठ दिवस कुंकू लावायचं नाही...

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

"ते गावानं आधीच सांगितलंय, बाबा."

पुढचं वाक्य मी गिळलं.

*

इगतपुरीचा एक रेल्वेतला पोरगा होता. पिंपल्सचे डाग होते, पील केलं. पथ्य सांगत होतो तर म्हणाला, बाबा, आमच्याकडं पावसाळ्यात ऊन कुठं असतं, ते सोडा, बाकीचं सांगा. मी बाकीचं सांगितलं. त्यानं तेही सोडलं.

चौथ्या दिवशी हनुवटीपाशी पापुद्रा सुटायला लागला. गडी बसला आरशासमोर आणि चिमटीत धरून कानापर्यंत ओढत नेला. खालचं तयार व्हायच्या आत वरचं काढलं की काय होणार? गालावर आडवा काळा पट्टा उमटला. आठवड्यानं आला तो तोंडाला रुमाल बांधून.

मी विचारलं, कशाला ओढलंस? म्हणाला, सुटत आलं होतं, म्हणून ओढलं. आम्ही डब्याचा जुना रंग असाच काढतो.

"डब्याला बायको बघायची नसते!" मी म्हणालो.

त्यानं रुमाल परत वर घेतला. म्हणाला, "मलाही नाही आता. काल तिकडून नकार आला."

*

एका गुरुवारी आई मुलीला घेऊन आली. मुलगी सावळी, नाकीडोळी चांगली, कॉम्प्युटरचं काहीतरी शिकलेली. रविवारी बघायला पाहुणे येणार होते. आईचं म्हणणं एकच, रविवारपर्यंत गोरी करा.

मॅडमनी हात जोडले. रंग बदलायचं औषध नसतं म्हणाल्या. आणि आज पील केलं तर नेमकी रविवारी कातडी सुटेल, अजिबात करू नका. आईला राग आला. मुलीचा हात धरून तरातरा निघून गेली. माझ्या स्टुलाला लाथ लागली, सॉरी नाही काही नाही.

शनिवारी दोघी परत आल्या. आईनं कुठल्याशा पार्लरमध्ये नेऊन कडक पील करून घेतलं होतं. तिथल्या बाईनं ते जास्त वेळ ठेवलं. मुलीचे दोन्ही गाल भाजलेले, डोळ्यांखाली सूज. आई भिंतीला टेकून रडत होती. मॅडमनी गार पट्ट्या ठेवल्या, मलम दिलं, महिने जातील म्हणाल्या.

मुलगी पट्ट्यांखालून पहिल्यांदा बोलली.

"म्हणजे रविवार रद्द ना?"

*

कमलबाईंच्या दुसऱ्या पीलच्या वेळी दीर भडकलेला होता. वांग फिकं पडत होतं, गाल उजळत होते, कपाळही उजळत होतं. पण भोवतालचा काळेपणा गेल्यावर ते हिरवं गोंदण आणखीच उठून दिसायला लागलं. आधी जवळून दिसायचं, आता मला दारातून दिसत होतं.

"हे काय चाललंय?" तो पल्लवीवर ओरडला. "पुसायला आणलं तर तुम्ही कोरून दिलं!"

मॅडम बाहेर आल्या. सांगितलं होतं ना, म्हणाल्या, आधी हे असंच होणार. अजून एक पील, मग लेझरला कातडी तयार. दीर लग्नाची तारीख सांगत बसला.

कमलबाई तेवढ्यात काउंटरवरच्या छोट्या आरशात बघत होत्या. बराच वेळ. मी पथ्य सांगितलं, कुंकवाचं सोडून. त्यांनी मान हलवली, पण नजर आरशातून काढली नाही.

*

नाशिक रोडचे एक रिटायर गृहस्थ यायचे. इस्त्रीचा शर्ट, वेळेच्या आधी हजर, चपला सरळ लावणारा आमच्याकडचा एकटाच माणूस. त्यांनी मॅडमच्या टेबलावर स्वतःच्या लग्नाचा फोटो ठेवला. म्हणाले, एवढा करा.

पल्लवी हसली. मग त्यांनी सांगितलं. बायकोला विसरायचा आजार झालाय. तिला लग्न झाल्याचं आठवतं, नवरा आठवतो, पण तो तरुण. ह्यांना बघितलं की दार लावून घेते. शेजारणीला हाक मारून विचारते, आमच्या घरात हा म्हातारा कोण शिरलाय?

मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पीलनं डाग जातील, बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतील, वय जाणार नाही. ते म्हणाले, थोड्या तर थोड्या. मोठ्या आशेनं केलं. माझं पथ्य त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. टिकलीसकट.

महिन्यानं आले. चेहरा खरंच तुकतुकीत झाला होता. मी विचारलं, ओळखलं का वहिनींनी?

"नाही," म्हणाले. "पण शेजारणीला सांगत होती, म्हातारा बरा दिसतोय आज."

पुढची तारीख घेऊन गेले. नंतर आले नाहीत.

*

दिवाळीनंतर कमलबाई शेवटच्या वेळी आल्या. तिसरं पील कधीच झालं होतं. आज लेझर. दीर खुशीत होता, येताना मंडपवाल्याला भेटून आला होता. मला म्हणाला, आज निघालं की सुटलो. उद्यापर्यंत पाहुण्यांना फोटो पाठवून देतो.

मॅडमनी दोघांनाही आत बोलावलं. थोड्या वेळानं दिराला बाहेर पाठवलं. पेशंटला एकटीला विचारायचं असतं, म्हणाल्या. तो माझ्याशेजारी उभा राहिला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार बंद होतं आणि आमची दारं चांगली आहेत.

मशिनचा आवाज काही आला नाही. दीर दोनदा दारापर्यंत जाऊन आला. मी त्याला बसायला सांगितलं.

कमलबाई बाहेर आल्या. तोंड लालसर, कपाळापासून हनुवटीपर्यंत मलम चोपडलेलं. मलमाखालून हिरवं तसंच दिसत होतं. डोक्यावर पदर नव्हता. पील करतात तेव्हा तो काढून ठेवतात, परत घ्यायचा राहिला असेल.

दिराचं तोंड उघडंच. "वहिनी, हे काय? काढलं नाय?"

"पील केलंय परत," त्या म्हणाल्या आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सांगा, बाबा."

मी सुरू केलं. उन्हात जायचं नाही. खाजवायचं नाही. सुटलेली साल ओढायची नाही. आणि थांबलो.

"मागच्या वेळीपण अर्धंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं सांगा. सगळ्या बायकांना सांगता तसं."

पल्लवीनं मान वर केली. बाकावरच्या बायका बघायला लागल्या. मी म्हणालो, आठ दिवस पावडर, टिकली, कुंकू लावायचं नाही.

"आणि मग?"

"आठ दिवसांनी लावा."

"जोरात सांगा. ह्यांना ऐकू येऊ द्या."

मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. तो रस्त्यापर्यंत जातो.

कमलबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि दिराकडं वळल्या.

"भावजी, लग्नाला किती दिवस राहिले?"