डांगरवाडीकडचा उतार

पुतण्याने नदीकाठच्या आपल्या कॉटेजांच्या फाटकावर नवा फलक लावला, तेव्हाच शालिग्राम वैरागडे यांचं डोकं फिरलं होतं. 'रायपूरचा समुद्रकिनारा' अशी अक्षरं, शेजारी नारळाचं झाड आणि त्याखाली लाल छत्री. समुद्र इथून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर, आणि आरंगच्या पुढे महानदीच्या या काठाला नारळ औषधालाही नाही.

"काका, बीच म्हटलं का लोक पळत येतेत," नीलेश म्हणाला. "नदी म्हटलं का विचारतेत, पानी है क्या?"

"मंग सांग ना, गुडघाभर आहे म्हणून. खोटं काहून लिहून राहिला?"

"खोटं कुठं? रेती आहे, पाणी आहे. और क्या चाहिए?"

शालिग्रामांनी वाद सोडला. कॉटेजं पुतण्याची, फलकही त्याचा. आपलं काम शनिवार-रविवारी पाहुण्यांना भोवतालचा मुलूख हिंडवून आणायचं.

हे काम त्यांना मनापासून आवडलं होतं. चौतीस वर्षं ते रेल्वेत कीमॅन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज मांढरच्या बाजूला ठरलेला टप्पा चालायचा, रुळाची सैल चावी दिसली की ठोकून बसवायची आणि परत फिरायचं. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ अंगावर इतकी बसे की रायपूरला तात्यापाऱ्यातल्या घरी बायको विनोदिनीबाई त्यांना दारातच अडवत. "आधी नाक धुवा, मंग आत या. चहा काय पळून नाही चालला." चालणं भरपूर झालं, पण बघण्यासारखं काही मिळालं ते निवृत्त झाल्यावर, या नदीकाठी.

पहिला महिना ते एकटेच हिंडले. धान कापलेल्या बांध्यांत लाखोळीच्या डाळीला निळी फुलं कधी येतात, तळ्याच्या पाळीवरून गावात शिरायची वाट कुठली, टिटवी रेतीत कुठे अंडी घालते, हे सगळं त्यांनी पायांनी शोधलं. असंच एकदा काठाचा कडा उतरून ते रेतीत गेले आणि त्यांना दयारामची डांगरवाडी दिसली. पावसाळ्यानंतर पात्र उघडं पडलं की दयाराम निषाद आणि त्याची बायको ओल लागेपर्यंत रेतीत खड्डे खणत, शेणखत घालून टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, लावत, वाऱ्याला गवताचे आडोसे उभारत. रेतीवर शिस्तीत चालणाऱ्या त्या हिरव्या रांगा बघून जुन्या कीमॅनला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

त्यांनी विचारलं, पाहुण्यांना आणू का?

"हव भैया, लाबे," दयाराम म्हणाला. "बस, किनारे-किनारे."

"एकाही खड्ड्यात पाय पडणार नाही. माझी जबाबदारी," असा शब्द शालिग्रामांनी दिला. दोन हिवाळे तो त्यांनी पाळला. पोरंसोरं रांगेकडे धावली तर कॉलर धरून मागे ओढली.

नंतर एका पाहुण्याची आई आली, चाकाच्या खुर्चीत. सगळे रेतीवर उतरले आणि ती कड्यावर एकटीच बसून राहिली. ते शालिग्रामांना डाचलं. पुढचे आठ दिवस त्यांनी कुदळ-फावडं घेऊन कडा कापला. पायऱ्या केल्या असत्या तर दोन दिवसांत भागलं असतं. त्यांनी खुर्ची अलगद उतरावी असा रुंद, लांबलचक उतार केला, मुरूम टाकून ठोकून घट्ट केला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी विनोदिनीबाईंच्या भाचीचं लग्न निघालं, म्हणून ते आले नाहीत. रविवारी सकाळी आले तर उतारावर टायरचे ठसे. रुंद, खोल, खाली जाणारे आणि वर येणारे.

ते धावतच उतरले. नऊ रांगांपैकी दोन शिल्लक होत्या. बाकीच्यांवरून जीप गोल गोल फिरलेली. फुलावर आलेले वेल रेतीत दडपलेले, आडोसे आडवे. दयारामची बायको मोडलेले वेल वेगळे करत होती. दयाराम नुसता बसला होता.

"मी काल नव्हतो, दयाराम," शालिग्राम म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते भिकार वाटलं.

दयारामने मान वर केली नाही. "गाडी अपन मन से थोडे उतरिस, भैया. रस्ता कोन बनाइस?"

शालिग्राम वर आले तेव्हा त्यांचे कान तापले होते. व्हरांड्यात पाहुण्यांचा पोह्यांचा नाश्ता चालला होता.

"जीप किसकी है?"

हाफपँटवाल्या एका गृहस्थाने हात वर केला. "मेरी, अंकल. क्यों? खुली रेती थी. थोडी जंगली बेल थी, बस."

"कतार में? जंगली बेल कतार में उगती है?"

 नीलेशने काकांना दंडाला धरून बाजूला नेलं. "पाहुण्यांसमोर काहून तमाशा करून राहिले? नदी सरकारची आहे. त्या दयारामजवळ पट्टा आहे का?"

"तुझ्या समुद्राचा आहे का पट्टा?" शालिग्राम ओरडले. "फाटकावर बीच लिहितो, मंग लोक गाड्या पळवतीलच! मी त्याले शब्द दिला होता, नीलेश. तुले शब्द म्हणजे फलक वाटते, आज लावला, उद्या पुसला!"

"बरं, दोन माणसं पाठवतो, आडोसे उभे करून देतील. झालं?"

"वेल उभे करून देतील का?"

त्यांनी कोठीतून कुदळ काढली आणि उताराच्या मध्यावर जाऊन घाव घातला. मुरूम इतका घट्ट बसला होता की हात झिणझिणले. स्वतःच्याच कामाचा त्यांना संताप आला. दुसरा घाव, तिसरा. नीलेश कड्यावर धावत आला.

"काका, पागल झाले का? दुपारी पंधरा जण येऊन राहिले!"

"येऊ दे. लाखोळी दाखव, तळं दाखव."

"अन् ती खुर्चीवाली आजी? पुढच्या आठवड्यात फिर से येणार आहे. तिच्यासाठीच केला ना तुम्ही हा?"

कुदळ वरच थांबली. एवढी एकच गोष्ट पुतण्या खरी बोलला होता, आणि त्याचाच शालिग्रामांना सगळ्यात जास्त राग आला.

"तिले मी सांगीन," ते म्हणाले. "तोंडावर सांगीन, काहून मोडला ते."

"उद्यापासून येऊ नका मंग!"

"आज हे होऊ दे, मंग नाही येत. तिले भेटायले तेवढा येईन, फाटकाबाहेर उभा राहीन."

दुपारी जेवायची वेळ टळली तरी ते खणतच होते. उताराच्या मधोमध कमरेइतका चर पडला होता. खाली दयाराम उठला होता आणि उरलेल्या दोन रांगांना घागरीने पाणी घालत होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही. शालिग्रामांनी हाक मारली नाही. त्यांनी सदरा काढून झुडपावर टाकला आणि चराची पलीकडची बाजू खणायला घेतली.