गडहिंग्लजच्या स्थळाची स्टेपनी

इंग्रजी मला येत नाही, पण स्टेपनी म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. लॉरीला बांधलेलं जादा चाक ते स्टेपनी. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मी कोडोलीचा गूळ कोल्हापूरच्या पेठेत आणायचो. आम्हा ड्रायव्हर लोकांत जादाच्या सगळ्यालाच स्टेपनी म्हणत. सदऱ्याचा दुसरा जोड स्टेपनी, रजेवर गेलेल्याच्या बदली येणारा गडीही स्टेपनी.

त्या साली गडहिंग्लजला मुलगी बघितली. पोह्यांची बशी ठेवून तिनं सरळ विचारलं, एवढी मोठी गाडी हाकताना भ्या वाटत न्हाई? मला ती तिथंच पसंत पडली. तिचे वडील म्हणाले, आठ दिवसांत कळवतो.

आठाचे वीस झाले. घास उतरेना, गिअर चुकायला लागले. शेवटी हे स्थळ आणलेल्या माझ्या मामाला धरलं. तो म्हणाला, जयसिंगपूरचा एक मास्तर त्यांनी बघून ठेवलाय, त्याच्या होकाराची वाट बघत्यात. "त्यो न्हाई म्हणाला तर तू हाईस की."

म्हणजे मी स्टेपनी. मामा हसला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॉरी दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि प्रवासी मोटार धरून गडहिंग्लज गाठलं. मुलीचे वडील सोप्यात बसले होते. खोटं बोलले नाहीत. मास्तरची नोकरी पक्की हाय, म्हणाले, पोरीच्या बापानं एकाच स्थळावर बसून ऱ्हावं काय? बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

मी म्हणालो, "स्टेपनी एकदा चढवली की मी उतरवत न्हाई. चढवायची तर आज चढवा. उद्या मास्तर हो म्हणाला तरी बदल न्हाई."

आतनं मुलगी बोलली, "आप्पा, मास्तर तीन आठवडं झालं बोलंना. हे तीन तास मोटारीत बसून आल्यात."

वडिलांनी जेवायला थांबा म्हटलं. सुपारी फुटल्याशिवाय पाण्यालाही शिवणार नाही, असं मी सांगितलं. उपाशीपोटी अंगणात फिरत राहिलो. दिवस मावळायच्या आत चुलत्यांना बोलावून त्यांनी सुपारी फोडली.

चार दिवसांनी मास्तरचा होकार आला. सासऱ्यांनी तो दाबून ठेवला. बायकोनं सांगितलं, तेव्हा आमची थोरली रांगत होती. तरी मी ताटावरनं उठलो आणि सुपारी अजून फुटायचीच असल्यासारखा दारात येरझाऱ्या घालत राहिलो.