काचेचं पापलेट

हसा, खुशाल हसा. फजिती माझी झालीय, तुमचं काय जातंय! फक्त चहा आधी संपवा, कारण शेवटी शेवटी तो घशाखाली उतरत नाही. अनुभवाने सांगतोय.

रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतंच. मला लागलं काचेच्या प्राण्यांचं. जुने, हाताने फुंकून केलेले हंस, घोडे, मासे. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी जाणकार झालो! पोटाखाली नळी तोडल्याची खूण आहे का, काचेत बुडबुडा अडकलाय का, दोन्ही बाजू अगदी सारख्या तर नाहीत ना. सारख्या असल्या की समजायचं, साच्यातला माल. बोईसरच्या आमच्या सोसायटीतलं एकही शोकेस मी तपासल्याशिवाय सोडलं नाही.

दर रविवारी किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून यमुनामावशी आमच्याकडे मासळी घेऊन येतात. त्यांचे यजमान दामूकाका जाऊन तीन वर्षं झाली. एका रविवारी मावशींनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हळूच काढलं. काचेचा मासा!

"भाऊ, तुमी काचेचं बघता ना? ह्यो आमच्या यांनी बनवला. बोटीवरचं काम सुटल्यावर काचेच्या कारखान्यात लागले होते ना, तवा. सून बोलते, एवढं काय जपता त्याला. म्हटलं, भाऊंच्या तोंडून एकदा ऐकते."

काय ऐकायचं होतं त्या बाईला? छान आहे, एवढंच! पण मी कसला ऐकतोय? मी आतून भिंग आणलं!

"मावशी, हे इथलं काम नाही."

"म्हंजे?"

"परदेशी आहे. जुनं. ही पोटाखालची खूण बघा. आणि शेपटी डावीकडे वळलीय ना? ती तिकडच्या एखाद्या कारागिराची सहीच समजा. लाखाच्या घरात जाईल!"

"पन हे तर बोलले, मी बनवला."

"नवरे काय हो, बायकोसमोर काहीही बोलतात!" असं म्हणून मी हसलो. हो, हसलो!

मावशींनी मासा परत गुंडाळला. टोपली उचलून त्या मासळीचे पैसे न घेताच निघाल्या. मला वाटलं, लाखाचा आकडा ऐकून आनंद झाला असेल. घ्या! म्हणे जाणकार!

पुढचे दोन रविवार त्या आल्याच नाहीत. मग एका बुधवारी दारात उभ्या. टोपली नाही, अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"भाऊ, कारखान्यात चला माज्यासंगती. साहेबांचा मासा परत द्यायचाय."

"कुठल्या साहेबांचा?"

"परदेशी हाय, तर यांनी आणला कुठून? साहेबांच्या टेबलावरून उचलला असंल. माजा माणूस चोर निघाला, भाऊ."

एवढं ऐकूनही रिक्षात बसल्यावर मी काय करत होतो? तो मासा कुठल्या देशातला असेल, याचा विचार! हाडाचा मूर्ख, दुसरं काय.

कारखाना छोटासा. प्रयोगशाळेतल्या नळ्या आणि चंबू बनवतात. दामूकाकांच्या जोडीला काम केलेले एक म्हातारे चाचा अजून तिथेच काच तापवायच्या ज्योतीसमोर बसलेले. मी घसा खाकरून बोलायला लागणार, तोच त्यांनी मासा हातात घेतला आणि ते ओरडलेच.

"अरे भाभी! ये तो दामू का पापलेट है!"

त्यांनी खण ओढला. आत आणखी पाच-सहा तसेच मासे. सगळ्यांच्या शेपट्या डावीकडे!

"बोट की रस्सी में उँगली कटी थी ना उसकी. पूँछ सीधी आती ही नहीं थी. बची हुई नली से बनाता था. बोला, सबसे अच्छा वाला घर ले जाऊँगा."

पापलेट! अहो, दर रविवारी मी ते ताटात घेऊन बसतो! भिंगातून खूण दिसली, बुडबुडा दिसला, शेपटी दिसली. मासा तेवढा दिसला नाही!

चाचांनी पोटाखालच्या खुणेवर बोट ठेवलं. "यहीं से फूँका, यहीं से बंद किया."

मावशींनी त्या खुणेवर आपलं बोट टेकवलं. मग हळूच म्हणाल्या, "मग यांची फुंक आत हाय अजून?"

"अंदर ही है, भाभी."

मावशींनी मासा गालाला लावला आणि रडायला लागल्या. मला कुठे बघावं कळेना.

"रोज सकाळी फोटोसमोर बसून बोलते मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "काय गावलं, काय इकलं. आज इतके दिस झाले, बोलले नाय मी. फोटो भिंतीकडं फिरवून ठेवलाय."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही दिल्या. मीच चाचरत म्हणालो, "मावशी, चुकलं माझं. याची खरी किंमत..."

"आता किंमत नका सांगू, भाऊ."

पुढच्या रविवारी त्या टोपली घेऊन आल्या. मी पापलेट उचललं आणि सवयीने विचारून बसलो, "चांगलं आहे ना?"

"घ्या बिनधास्त. भिंग आणू नका, इथलंच हाय." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "आनि आमच्या यांना सांगितलंय मी, भाऊंवर रागवू नका म्हणून."