अर्धं काळं वर्तुळ

आमच्या टोकावड्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून पोरांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीसाठी घरोघर फिरतात. कागदावर अख्खं घराणं मांडतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजारी माणूस पूर्ण काळा. दोष रक्तात असूनही ज्याला आजार नाही, तो अर्धा काळा. पेन्सिल त्यांच्याच अंबाड्यात खोचलेली असते आणि त्या ती घरभर शोधतात.

माझ्या लेकीचं लग्न खर्डीला ठरत होतं. तिचं वर्तुळ अर्धं काळं निघालं तेव्हा मला वाटलं, आता सोयरीक मोडणार.

"अर्धा म्हणजे आजार नाय गो ताई," बाई म्हणाल्या. "अर्ध्या चंद्राला कोण गोळ्या देतं काय? पोरगापण अर्धा निघाला तर मात्र पुढच्या लेकरांचा विचार करावा लागेल. त्याचं रक्त बघू."

मग माझ्या धाकट्या बहिणीचं वर्तुळ आलं, पूर्ण काळं. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारतात. बाईंचा हात थांबला.

"हसायची कशी गो ती?"

"तोंडावर हात धरून," मी म्हणाले. ती गेल्यापासून तिच्याबद्दल मी पहिल्यांदाच बोलत होते.

पुरतं ऐकून घेतल्यावर त्यांनी हलक्या हाताने रेघ मारली.

खर्डीच्या मुलाचा चौकोन कोरा निघाला. बाईंनी तो लेकीच्या वर्तुळाला जोडला आणि खाली बरीच जागा मोकळी सोडली.

"लागेल नंतर," म्हणाल्या आणि पेन्सिल परत अंबाड्यात खोचली.